दुसरी घंटा

सोमवार, ३ तारीख

पोचलो एकदाचा! निघताना ताईने ही वही हातात कोंबली. एवढीशीच आहे, शर्टाच्या खिशात बरोबर मावते. तुझं डोकं म्हणजे गाळणी, लिहीत जा, असं तिचं म्हणणं. मागच्या कंपनीने आम्हा सगळ्यांना एका दिवसात घरी बसवलं, तेव्हापासून मी तिच्याकडेच होतो. भाऊजी एका शब्दाने कधी बोलले नाहीत, पण समोरचा बोलला नाही की जास्तच ओशाळायला होतं. जेवताना पुन्हा वाढून घ्यायची हिंमत होत नसे. पोट भरलं, पोट भरलं म्हणत अर्धपोटी उठायचो. आता ते संपलं.

जागा झकास आहे. वृद्धनिवास म्हटल्यावर मला वाटलं होतं, कुबट वास असेल, अंधार असेल. तसं काहीही नाही. दुमजली इमारत, मधे फरशीचं अंगण, चहूबाजूंनी खोल्या, प्रत्येक दारावर पितळी आकडा. माझी खोली मागे, धुलाईघराच्या वर. खालच्या यंत्रांची ऊब फरशीतून वर येते आणि दिवसभर धुतलेल्या चादरींचा वास. मांजर असतो तर इथून हललोच नसतो.

मॅडम ही संस्था चालवतात. चष्मा दोरीने गळ्यात, बोलणं मोजून मापून. तळमजला सिस्टरच्या ताब्यात आहे. जीभ तिखट, पण स्वतःवरही हसतात. आणि मावशी. मदतनीस म्हणून इथे सगळ्यांत जुन्या त्याच. घोटे सुजलेले, चपला फटक फटक वाजतात, त्यामुळे त्या कुठल्या कोपऱ्यात आहेत हे सगळ्या इमारतीला कळतं. त्यांनी मला आल्याआल्या ‘इंजिनिअर’ करून टाकलं. मी डिप्लोमा अर्धवट सोडलेला माणूस. सांगायला हवं होतं, पण ऐकायला बरं वाटलं, म्हणून राहू दिलं.

बुधवार, ५ तारीख

काम तसं किरकोळ. कुणाचा फोन, कुणाचा टीव्ही, ऑफिसचा छपाईयंत्राशी चाललेला जुना दावा. खरं काम एकच, घंटा. प्रत्येक पलंगाला एक बटण आहे, प्रत्येक न्हाणीघरात एक दोरी. दाबलं किंवा ओढलं की सिस्टरच्या टेबलावरच्या कंप्युटरवर खोलीचा आकडा पेटतो आणि घंटा वाजते. हे सगळं एक जुना प्रोग्रॅम चालवतो. तो लिहिणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली. मूळ लिखाण कुणाकडेच नाही. आहे ती फक्त चालणारी फाइल, म्हणजे आकड्यांची एक लांबलचक माळ.

ताईला फोनवर समजावलं ते असं: शर्ट शिवून तयार आहे, पण शिंपी गेला, मापंही गेली. आता बाही आखूड करायची, तर शिवणीतच हात घालायला हवा. त्यासाठी माझ्या आधीच्या माणसाने एक छोटं हत्यार ठेवलंय. त्याला एक ठिगळ द्यायचं. ठिगळ म्हणजे एवढीच सूचना: अमक्या जागी अमका आकडा असेल, तो काढ आणि तमका घाल. हत्यार आधी जागेवर जाऊन बघतं. सांगितलेला आकडा तिथे असेल तरच बदलतं, नसेल तर हात जोडून परत येतं. फार सज्जन हत्यार आहे. एक आडवाट मात्र ठेवली आहे. ‘तरीही लिही’ असं बजावलं, तर न जुळताही लिहून टाकतं.

आज पहिलं ठिगळ लावलं. पडद्यावरचे आकडे फार बारीक होते, ते मोठे केले. सिस्टरना आता टेबलावर ओणवं व्हावं लागत नाही. त्यांनी मावशींना बोलावून दाखवलं. मावशी म्हणाल्या, इंजिनिअरच्या हाताला गुण आहे. दिवसभर तरंगत होतो.

रविवार, ९ तारीख

सात नंबरच्या बाईंशी आज ओळख झाली. सगळे त्यांना हॅलोबाई म्हणतात. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला, कानाला यंत्र लावून दुसऱ्यांच्या हाका जोडून द्यायच्या. अजूनही कुणी दार वाजवलं की ‘आत या’ ऐवजी ‘हॅलो’ म्हणतात. मी घंटा सांभाळतो म्हटल्यावर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि तुम्ही तर आमच्याच पंथाचे निघालात, असं म्हणून माझं नाव ‘ऑपरेटर’ ठेवलं.

बाई घंटा फार वाजवतात. पाणी हवं, पडदा सरकवा, बाहेर कोण बोलतंय, काहीही. मी भीतभीत विचारलं, इतकी का वाजवता? तर न रागावता म्हणाल्या, ‘आयुष्यभर लोकांच्या घंटा उचलल्या हो. आता माझी कुणीतरी उचलतं, ते ऐकायला बरं वाटतं.’

गुरुवार, १३ तारीख

सिस्टर टेकीला आल्या आहेत. हॅलोबाईंची घंटा एकदा वाजली की माणूस पोचेपर्यंत आणखी वाजत राहते. मावशींचे पाय सुजून भोपळे झालेत. मावशींनीच मला हळूच विचारलं, इंजिनिअर, हिला जरा दमानं घ्यायला लावता येईल का? मी म्हटलं, न यायला काय झालं. एका खोलीची घंटा वाजली की पुढचा पाव तास त्याच खोलीची दुसरी घंटा टेबलावर वाजणार नाही. पहिली ऐकून माणूस जातोच आहे, मग दुसरी कशाला? सगळ्यांना पटलं. मॅडमना कळवायला हवं होतं, पण सिस्टर म्हणाल्या, आधी चालतंय का बघू, मग सांगू.

मंगळवार, १८ तारीख

ठिगळ लागलं. पण सरळ नाही लागलं, तेही इथे लिहून ठेवतो.

माझ्याकडच्या प्रतीवर सगळं जुळत होतं. सिस्टरच्या टेबलावर गेलो, तर हत्यार हात जोडून परत आलं. सांगितलेल्या जागी भलताच आकडा होता. माझ्या आधी कुणीतरी त्या फाइलला एखादं ठिगळ लावलं असणार, त्यामुळे शिवणी सरकल्या होत्या. शहाण्या माणसाने ती फाइल वर खोलीत नेऊन दोन दिवस घासून पाहिली असती. पण सिस्टर मागे उभ्या होत्या, मावशी उभ्या होत्या, कॅन्टीनवालासुद्धा किटली घेऊन बघत होता. ‘जमत नाही’ हे दोन शब्द तोंडातून निघेनात. मान न वळवता ‘तरीही लिही’ दिलं.

दोन नंबरमधून तपासलं. पहिली घंटा वाजली, दुसरी वाजली नाही. टाळ्याच वाजवल्या सगळ्यांनी. बाकी खोल्या तपासायच्या राहिल्या. उद्या बघू म्हटलं आणि चहा प्यायला गेलो.

गुरुवार, २० तारीख

इमारतीत काय शांतता आहे! दुपारी झोपेच्या वेळी फक्त पंख्यांचा आवाज.

हॅलोबाईंनी मला अंगणात अडवून तक्रार केली, की परवा संध्याकाळपासून त्यांची लाइन मेली आहे, घंटा दाबली तरी कुणी येत नाही. मी हसून म्हटलं, लाइन बिझी असेल बाई, जरा वेळाने करा. त्याही हसल्या. अजून बाकीच्या खोल्या तपासल्या नाहीत. उद्या नक्की.

शुक्रवार, २१ तारीख

हॅलोबाई गेल्या.

दुपारी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. चहाच्या वेळी मावशी कप घेऊन गेल्या तेव्हा कळलं. दोरी मनगटाला गुंडाळलेली होती. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ शुद्धीवर असणार. दोरीचा वळ हाडापर्यंत उमटला होता.

सगळे सातच्या दारात गोळा झाले तेव्हा मी टेबलाकडे गेलो. पडद्यावर सातचा आकडा पेटलेला नव्हता. मग परत आलो, गर्दीतून आत शिरलो, कुणाच्या नकळत पलंगाचं बटण दाबलं. टेबलाकडून काही आवाज नाही. पुन्हा दाबलं. नाही.

माझ्या ठिगळाने तिथे भलताच आकडा पुसला होता. बाकीच्यांचा पाव तास संपत होता. सातचा एकदा सुरू झाला की संपतच नव्हता. मंगळवारी ठिगळ लागल्यावर बाईंनी जी घंटा वाजवली असेल ती पहिली. त्यानंतरची प्रत्येक घंटा दुसरी.

मी जुनी फाइल परत जागेवर ठेवली. हत्यार बदल करण्याआधी एक प्रत राखून ठेवतं, त्यामुळे फार वेळ लागला नाही. हात थरथरतसुद्धा नव्हते. त्याचीच आता जास्त लाज वाटते.

मग मॅडम आल्या. मावशी रडत शपथेवर सांगत होत्या, मी टेबलापाशीच बसले होते, घंटा वाजलीच नाही. मॅडमनी सगळ्यांसमोर मला विचारलं, प्रोग्रॅम ठीक आहे ना? मी म्हणालो, ‘व्यवस्थित आहे. हवं तर आत्ता वाजवून बघा.’

सिस्टरनी आत जाऊन दोरी ओढली. घंटा खणखणीत वाजली.

सगळ्यांनी वळून मावशींकडे पाहिलं. मावशी घंटेकडे बघत राहिल्या. स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडालेला माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला.

शनिवार, २२ तारीख

मावशींना घरी पाठवलं. डुलकी लागली असेल, वय झालं, असं मॅडम म्हणाल्या. चिडून नाही, थकून. दुसऱ्या ठिगळाबद्दल सिस्टर बोलतील असं वाटलं होतं. त्या माझ्याकडे बघून गप्प राहिल्या. घंटा सर्वांसमोर वाजली होती, मग त्यांनाही तेच सोयीचं वाटलं असेल. किंवा त्यांचा माझ्यावर विश्वास असेल. दुसरं जास्त वाईट आहे.

मावशी डबा आणि जुन्या चपला पिशवीत भरायला आल्या. माझ्यासमोर थांबल्या. म्हणाल्या, ‘इंजिनिअर, तुम्ही तरी सांगा त्यांना. मी बहिरी नाही हो.’

धुलाईघराची यंत्रं चालू होती, त्यांच्याकडे बघत राहिलो. त्या गेल्या. फटक फटक आवाज फाटकापर्यंत ऐकू येत होता.

जेवण गेलं नाही. ताईचा फोन आला, तो उचलला नाही.

सोमवार, २४ तारीख

खोली सात रिकामी केली. गादी उन्हात टाकली, पडदे धुवायला गेले. दाराला कुलूप नाही, पण कुणी जात नाही.

दुपारी सगळे झोपले असताना सातची घंटा वाजली. सिस्टर दचकून उठल्या, गेल्या, परत आल्या. कुणी नाही म्हणाल्या. वायरमध्ये ओल गेली असेल, बघून घ्या. मी मान हलवली.

त्या खुर्चीत बसतात न बसतात तोच पुन्हा वाजली. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या नखं कापत होत्या. पुन्हा वाजली. मी विचारलं, ऐकलंत का? त्या म्हणाल्या, काय?

चहापर्यंत वाजत होती. पडद्यावर सातचा आकडा पेटलेला, मी स्वतः मोठा केलेला, टेबलभर लाल. सिस्टरनी त्यावर पेन ठेवलं, कप ठेवला, त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही.

मी वायर उपटली. तरी वाजत राहिली.

मंगळवार, २५ तारीख

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं असेल अशी समजूत घातली. पण आज दुपारी पुन्हा तेच. पहिली सगळ्यांना ऐकू गेली. नंतरच्या फक्त मला.

म्हणून ठरवलं. सांगून टाकायचं. नोकरी जाईल, ताईच्या दारात पुन्हा उभं राहावं लागेल, जाऊ दे. मावशींना परत बोलावतील तरी.

मॅडमच्या खोलीत गेलो. त्यांनी चष्मा लावला, बोला म्हणाल्या. तोंड उघडलं. बाहेर पडलं ते असं की सात नंबरची वायर बदलायला हवी. बदला, म्हणाल्या, आणि कागदांत डोकं घातलं.

मी तिथेच उभा राहिलो. लाजेने कान तापले होते. मग धीर करून म्हटलं, मॅडम, मावशींची चूक नव्हती, घंटा माझ्यामुळे बंद होती. त्यांनी पान उलटलं. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. टेबलावर हात आपटून म्हटलं. त्यांनी सही केली, पंखा बंद केला, मी उभा होतो तिथून वळसा घालून बाहेर पडल्या आणि दार ओढून घेतलं.

त्यांना ऐकायचं नसेल, असं वाटलं. खोटं कशाला लिहू, क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं.

बुधवार, २६ तारीख

कॅन्टीनवाल्याकडे चहा मागितला. दिला. साखर मागितली. तो किटली पुसत राहिला. पुन्हा मागितली. त्याच्या तोंडासमोर हात हलवला. त्याने माशी हाकलल्यासारखं केलं.

सिस्टरना सकाळी नमस्कार केला, त्यांनी हसून मान डोलावली. त्यानंतर दिवसभर माझा एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

ताईला फोन केला. मी म्हणालो, हॅलो ताई. ती म्हणाली, बोल रे, किती दिवस झाले, जेवतोस ना नीट? मी सगळं सांगितलं. एका दमात सगळं सांगितलं, रडलोही. ती म्हणत होती, हॅलो? हॅलो? अरे बोल ना. मग भाऊजींना म्हणाली, लाइन मेलेली दिसते. आणि ठेवला.

पुन्हा लावला. ती उचलते, कान देते, आणि ठेवते.

शुक्रवार, २८ तारीख

कळलं मला. मंगळवारपासून प्रत्येकाकडे माझी एकच हाक आहे. पहिली पोचते. त्यानंतरची प्रत्येक दुसरी. पाव तास संपत नाही. कालपासून थांबून पाहिलं, कुणाचाच संपत नाही.

लिहून बघितलं. सगळी हकिकत एका कागदावर लिहून मॅडमच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी कागद उलटसुलट केला, आणि कोरा आहे असं बघून त्यावर कप ठेवला.

मग या वहीत जे लिहितोय ते—

नाही. तो विचार नको.

मावशी राहिल्या आहेत. त्यांना मी मंगळवारनंतर भेटलोच नाही. त्यांच्याकडे माझी पहिली अजून शिल्लक आहे. त्यांनाच सांगायचं. पहिलं वाक्य तेच. दुसरं काही नाही. उद्या सकाळी जातो.

शनिवार, २९ तारीख

चाळीसारखी लांब इमारत, बाहेर कपडे वाळत घातलेले. वाटेत एकच वाक्य घोकत होतो. मावशी, तुमचे कान ठीक आहेत, घंटा मी बंद केली होती. मावशी, तुमचे कान ठीक आहेत. परीक्षेला निघालेल्या मुलासारखा.

सुनेने दार उघडलं, तिच्याशी बोललो नाही, तोंडावर बोट ठेवूनच उभा राहिलो. तिने आत हाक मारली. दोनदा मारली. मावशींच्या ते लक्षातच आलं नाही, तेव्हा सून माझ्याकडे बघून खजील होऊन म्हणाली, त्या आताशा स्वतःच म्हणतात, मला ऐकू येत नाही. हाक मारली तरी खरी की खोटी म्हणून बसून राहतात.

मावशी आल्या. वाळल्या होत्या. चपला नव्हत्या पायात, आवाजच नाही चालण्याचा. मला बघून त्यांनी पदर सारखा केला, इंजिनिअर म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

आणि मी म्हणालो, ‘मावशी, कशा आहात?’

तीस वर्षांची सवय. माणूस समोर आला की तेच निघतं.

बरी आहे, म्हणाल्या. मग वाट बघत उभ्या राहिल्या. मी सगळं बोललो. पायांवर डोकं ठेवून बोललो. त्या माझ्या डोक्यावरून रस्त्याकडे बघत होत्या. सुनेला म्हणाल्या, काहीतरी बोलतोय ग तो, पण मला काहीच ऐकू येत नाही. बघ, म्हटलं नव्हतं मी? माझे कानच गेलेत. मॅडमचं बरोबर होतं.

सून म्हणाली, नाही हो आई, तो बोलतच नाहीये. पण ते त्यांनी ऐकलं नाही.

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. तिने घेतलं नाही.

रविवार, ३० तारीख

सिस्टर फोनवर बोलताना ऐकलं. उद्या सकाळी सातमध्ये नवे आजोबा येतायत. काठी घेऊन चालतात. एकटेच आहेत.

सातचं बटण दाबलं आणि धावत टेबलाकडे गेलो. उपटलेली वायर मी कधीच पुन्हा जोडली होती, तरी आवाज नाही.

जुनी फाइल मी स्वतः ठेवली होती. उघडून बघितली. तिच्यात माझं ठिगळ आहे. हत्यार चालवलं, ठिगळ काढ म्हटलं. हात जोडून परत आलं. सांगितलेला आकडा जागेवर नाही. जुनी प्रत वर घातली. पुन्हा उघडली. ठिगळ. ‘तरीही लिही’ म्हटलं. पहिल्यांदाच नाही म्हणालं.

सिस्टर शेजारीच बसल्या होत्या. ओरडलो. खुर्ची पाडली. त्यांनी ती उचलून जागेवर ठेवली आणि म्हणाल्या, फरशी उतरती झालीये का काय.

उद्या एक म्हातारा माणूस त्या दोरीच्या भरवशावर झोपणार.

सोमवार, ३१ तारीख

सकाळ. सातच्या न्हाणीघरात आहे. दोरी कापून टाकायला आलो होतो. दोरीच नसली की ते विचारतील, नवी बसवतील, सगळी वायर नवी घालतील— असं वाटलं. कुणी पाहू नये म्हणून आतून कडी लावली. अजूनही तेच. कुणी पाहू नये.

फरशी ओली होती. कुणी ओली केली, माहीत नाही. पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलाय. बघवत नाही. कडी उंच आहे, हात पोचत नाही. फोन वर खोलीत. वही खिशात होती.

दोरी ओढली. मला घंटा ऐकू आली, टेबलावर, स्पष्ट. कुणी उठलं नाही.

किती वेळा ओढली—

बाई किती वेळ ओढत होत्या, ते आता—

*

कळ येते, जाते. मधे डोळे मिटले होते.

बाहेर गाडी थांबली. सिस्टरचा आवाज. काठीचा आवाज. ते आजोबा.

ते मला ओळखत नाहीत. मी त्यांच्याशी कधी बोललो नाही. त्यांच्याकडे माझी पहिली आहे. अख्खी. हीच शेवटची संधी. नीट विचार कर. पाय मोडलाय हे नाही सांगायचं. वाचवा नाही म्हणायचं. आधी घंटा. घंटा बंद आहे, मावशींची चूक नव्हती, मी केलं. एका वाक्यात. मधे श्वास घ्यायचा नाही. मग पायाचं काहीही होवो.

सिस्टर त्यांना खोलीत सोडून गेल्या. पलंग करकरला. काठी. आता उठले. इकडेच येतायत. हळूहळू—

घंटा बंद आहे, मावशींची चूक नव्हती, मी केलं. घंटा बंद आहे, मावशींची—

दारापाशी आले. कडी हलली. थांबले.

टकटक केलं. विचारलं, आत कुणी आहे का?

मी म्हणालो, आहे.

आहे, एवढंच— अरे, एवढंच निघालं तोंडातून— नाही, आजोबा, थांबा, घंटा—

बरं बरं, सावकाश होऊ द्या, म्हणाले. काठी परत—

आजोबा, ती घंटा ब